अमळनेर आणि धुळे : नवख्या संशोधकांची दोन आश्रयस्थाने

१९१६ साली अमळनेर येथील कापड गिरणीचे मालक मोतीलाल माणिकचंद यांनी आपल्या गावी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन केली. हे गृहस्थ खानदेशात श्रीमंत प्रतापशेठ या नावानेच ओळखले जातात. संस्थेचे इंग्रजी नाव 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी' असे होते. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र ते 'तत्त्वज्ञान मंदिर' झाले. बोरी नदीच्या काठचे, सखाराम महाराजांच्या वैशाखी यात्रेचे आणि कापसाच्या बाजाराचे हे गाव. तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी आगगाडी तेथे थांबते, एवढाच त्या काळी बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध. अशा ठिकाणी एका व्यापाऱ्याने गोशाळा बांधली असती, धर्मशाळा बांधली असती, तर कोणास नवल वाटले नसते. त्याने तरुण अभ्यासकांना बसून विचार करण्यासाठी जागा बांधली, म्हणून आज शंभराहून अधिक वर्षांनंतर आम्हाला तिच्याविषयी लिहावेसे वाटते.

संस्थेची रचना साधी होती. तत्त्वज्ञान विषयात पदवी घेतलेल्या होतकरू तरुणांना 'फेलो' म्हणून बोलवायचे, राहण्याची सोय करायची, विद्यावेतन द्यायचे, आणि वाचन, चर्चा व लेखन यांखेरीज दुसरे काम त्यांच्याकडे ठेवायचे नाही. कॉलेजात कांट आणि हेगेल शिकलेल्या या तरुणांनी येथे शंकराचार्यांची भाष्ये मुळातून वाचावीत, आणि दोन्हीकडचे विचार एकमेकांसमोर उभे करून पाहावेत, अशी अपेक्षा होती. प्रतापशेठ स्वतः अद्वैत वेदान्ताचे अनुयायी होते. तो विचार नव्या भाषेत जगापुढे यावा, ही त्यांची इच्छा त्यांनी कधी लपविली नाही.

आजच्या वाचकाला वाटेल, हे काम विद्यापीठाचे. त्यासाठी शेठजींनी तिजोरी का उघडावी? पण त्या काळचे विद्यापीठ म्हणजे काय, हे लक्षात घेतले पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, ते परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकविण्याचे काम कॉलेजांचे. विद्यापीठाचे ते प्रश्नपत्रिका काढण्याचे. त्याचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग सुरू होण्यास विसावे शतक बरेच उजाडावे लागले. समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली उघडला, ही आरंभीची गोष्ट. तेव्हा एम.ए. झालेल्या तरुणापुढे दोनच वाटा असत. सरकारी नोकरी धरायची, नाही तर एखाद्या कॉलेजात किंवा हायस्कुलात तास घेत राहायचे. ज्याला शोध घ्यायचा आहे, त्याच्यासाठी तिसरी वाट नव्हती. ती विद्यापीठांच्या बाहेरच पाडावी लागली. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघाले, आणि या दोहोंच्या मध्ये, पुण्यापासून दूर, अमळनेरचे हे मंदिर.

या मालिकेत आमच्या वाचकांना जवळचे वाटेल असे आणखी एक नाव आहे. स्पेनमधून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हेन्री हेरास १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकविण्यासाठी आले. १९२६ साली त्यांनी तेथे भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. ग्रंथ, नाणी आणि मूर्ती यांचा संग्रह तर त्यांनी केलाच. परंतु त्यांच्या हातून घडलेले मोठे काम म्हणजे त्यांनी तयार केलेले विद्यार्थी. जॉर्ज मोराइस यांचा कदंब घराण्यावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, तो याच संस्थेच्या छायेत. तरुणाला विषय सुचवायचा, त्याला शिलालेखांपर्यंत न्यायचे, त्याच्याकडून लिहून घ्यायचे, आणि पुस्तक छापून होईपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहायचे, ही सारी कामे फादर हेरास यांनी केली. १९५५ साली ते निवर्तले. १९८१ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. मुंबईच्या मोठ्या कॉलेजात हे शक्य झाले, यात फारसे आश्चर्य नाही. खानदेशात ते कसे जमले, हे अधिक विचारात घेण्यासारखे आहे.

अमळनेरला आलेल्या मंडळींकडे पाहा. घनश्यामदास रतनमल मलकानी हे सिंधचे. ते येथे आले आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी याच गावात काढला. संस्थेचे संचालकपद आणि तिच्या नियतकालिकाचे संपादन त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. रासविहारी दास हे बंगालचे. टी. आर. व्ही. मूर्ती हे तमिळ घराण्यातले, पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापक म्हणून नावाजलेले. भरीत आणि कळण्याची भाकरी खाणाऱ्या, अहिराणी बोलणाऱ्या मुलखात हा सिंधी, हा बंगाली आणि हा तमिळ एका आवारात राहून 'अज्ञान म्हणजे काय' यावर वाद घालीत होते.

हा वाद आम्ही अलंकार म्हणून सांगत नाही. त्याचे पुस्तकच झाले. १९३३ साली लंडनच्या ल्यूझॅक या प्रकाशनसंस्थेने मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांच्या नावाने 'अज्ञान' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रश्न अद्वैत वेदान्तातला, पण कोणाही विचारी माणसाला पडावा असा आहे. मला एखादी गोष्ट ठाऊक नाही, म्हणजे केवळ माझ्या ठायी तिचे ज्ञान नाही, इतकेच का? की अज्ञान ही स्वतःच एक वस्तू आहे, पडद्यासारखी, सत्याला झाकून टाकणारी? वेदान्ती दुसऱ्या बाजूचे. ग्रंथाचा विशेष असा की, तिघांनी आपापला भाग स्वतंत्रपणे लिहिला, आणि तिघांची मते एक नव्हती. ज्या संस्थेचा आश्रयदाता अद्वैती, जिचा संचालक अद्वैताचा कट्टर पुरस्कर्ता, तिच्याच आवारात बसून अद्वैताच्या पायाभूत कल्पनेवर शंका घेता येत होती आणि ती शंका त्याच दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून लंडनला धाडता येत होती. नव्या संशोधकाला पैशाहून अधिक लागते ते हे. त्याचे म्हणणे गांभीर्याने ऐकून घेणारा, आणि ऐकून झाल्यावर 'मला पटत नाही, कारण असे' असे सांगणारा कोणी तरी शेजारच्या खोलीत हवा. एकट्याने काम करणाऱ्याला हा शेजार मिळत नाही, आणि मग तो एक तर स्वतःवर फार लवकर खूश होतो, नाही तर फार लवकर निराश होतो.

१९२५ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्यास भारतीय तत्त्वज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन रवींद्रनाथ ठाकुरांच्या अध्यक्षतेखाली भरले, आणि त्याच वर्षी अमळनेरच्या संस्थेचे 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक सुरू झाले. परिषद वर्षातून एकदा भरणार. त्रैमासिक दर तीन महिन्यांनी घरी येणार. लाहोरच्या किंवा मद्रासच्या एखाद्या अप्रसिद्ध अध्यापकाचा पहिला लेख खानदेशातून छापून निघावा, आणि पुढच्या अंकात कोणी त्याला उत्तर द्यावे, ही सोय त्या त्रैमासिकाने केली. मोठ्या नावाचा माणूस कोठेही छापला जातो. नवख्याला मात्र पहिला लेख स्वीकारणारा संपादक लागतो, आणि तो भेटला नाही तर पुष्कळदा दुसरा लेख लिहिलाच जात नाही.

संस्थेचा उपयोग केवळ तरुणांना झाला असेही नाही. कृष्णचंद्र भट्टाचार्य हे विसाव्या शतकातील भारताचे सर्वांत खोल तत्त्वचिंतक, असे अनेक जाणकार मानतात. बंगालच्या सरकारी कॉलेजांत त्यांची हयात गेली. लिहिणे अत्यंत थोडे, आणि जे लिहिले ते इतके आवळून की वाचणाऱ्याने एका पानाशी दिवस काढावा. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक, 'द सब्जेक्ट अॅज फ्रीडम', १९३० साली अमळनेरच्या संस्थेने प्रसिद्ध केले. ते त्यांच्या अमळनेर येथील व्याख्यानांतून तयार झाले होते. तेव्हा त्यांचे वय ५५ होते. पुढे १९३३ पासून दोनेक वर्षे ते संस्थेचे संचालक म्हणून येथे राहिले, आणि मग कलकत्ता विद्यापीठाच्या अध्यासनावर गेले. एवढा पुरुष रोज सायंकाळी भेटतो, ही गोष्ट पंचविशीतल्या अभ्यासकाला किती बळ देत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

सर्वांनाच ते वातावरण मानवले असे मात्र नाही. १९२३ च्या सुमारास पुण्याहून शिकून आलेला एक कोकणी तरुण तत्त्वज्ञान मंदिरात दाखल झाला. तो तेथे वर्षभरच रमला. १९२४ साली तो गावातल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला, वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणे आवरू लागला, त्यांच्यासाठी 'विद्यार्थी' नावाचे मासिक काढू लागला. पांडुरंग सदाशिव साने हे त्याचे नाव. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो. मायावादाच्या चर्चेपेक्षा त्यांना आईविना असलेल्या मुलाचे डोके विंचरणे अधिक निकडीचे वाटले. यात संस्थेचा दोष नाही आणि गुरुजींचाही नाही. आश्रय देणाऱ्या संस्थेचे एक काम हेही असते की, आपण येथले नव्हे, हे ज्याला कळून येईल त्याला वेळेवर आणि कटुता न राहता बाहेर पडता यावे. मंदिराच्या आवारातून शाळेच्या आवारात जाण्यास गुरुजींना गाव सोडावे लागले नाही, दाताही बदलावा लागला नाही.

आता अमळनेरहून धुळ्याकडे वळू. अंतर सुमारे ३५ किलोमीटरांचे. पण दोन्ही ठिकाणची तऱ्हा अगदी निराळी. अमळनेरात एका श्रीमंताने जिवंतपणी संस्था काढली. धुळ्यात एका फकिराच्या मृत्यूनंतर ती निघाली.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना आयुष्यात कोणतीही फेलोशिप मिळाली नाही. १८९४ साली 'भाषांतर' नावाचे मासिक काढून त्यांनी युरोपातले ग्रंथ मराठीत आणण्याचा खटाटोप केला. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. पुढे तिचे २२ खंड झाले. सरदारांच्या वाड्यांतले, कुलकर्ण्यांच्या माळ्यावरचे, वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यासाठी निघालेले मोडी कागद त्यांनी गावोगाव पायपीट करून मिळविले. पत्नी लवकर वारली, पुन्हा विवाह केला नाही, हाताने शिजवून खाल्ले. आमच्या वाचकांपैकी जे वसई-केळवे-माहीम भागातले आहेत, त्यांना हे ठाऊक असावे की, त्यांच्या उत्तर कोकणच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन, 'महिकावतीची बखर', १९२४ साली संपादून प्रसिद्ध केले ते याच राजवाड्यांनी.

नव्या अभ्यासकाला संस्थेची गरज असते, हे राजवाड्यांना पुरते कळले होते. १९१० साली सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्याच्या मंडळाचा पाया घातला. त्या मंडळाची पाक्षिक सभा ही आम्हाला फार शहाणपणाची योजना वाटते. कोणीही यावे, हाती लागलेल्या एका कागदावर दोन पानांचे टिपण वाचावे, आणि जाणत्यांनी त्याची छाननी करावी. प्रबंध लिहिण्याची ऐपत नसलेल्या कारकुनाला आणि शाळामास्तरालाही संशोधक होण्याची ही पहिली पायरी होती. परंतु राजवाड्यांचा स्वभाव असा की, त्यांनी उभारलेल्या संस्थेत त्यांना स्वतःलाच फार काळ नांदता आले नाही. मतभेद झाले की ते पडशी उचलून निघत. त्यांची मतेही तशीच टोकाची. जातीपातींविषयी त्यांनी जे लिहिले त्यातले पुष्कळ आज वाचवत नाही, आणि तेव्हाही सर्वांनी निमूटपणे ऐकून घेतले असे नाही; प्रबोधनकार ठाकरे यांनी 'कोदंडाचा टणत्कार' लिहून त्यांना रोखठोक उत्तर दिले होते. आम्ही राजवाड्यांना थोर मानतो ते त्यांच्या कष्टांसाठी. त्यांच्या प्रत्येक निष्कर्षासाठी नव्हे.

अखेरच्या काळात ते धुळ्यास येऊन राहिले. धुळेच का? कारण पांझरेकाठच्या या गावी तोवर अभ्यासकांचा एक गोतावळा जमलेला होता. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली तेथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापून रामदासी मठांतल्या पोथ्या आणि बाडे गोळा करण्याचे काम चालविले होते. कल्याणस्वामींच्या हातच्या पोथीवरून 'दासबोध' त्यांनी प्रसिद्ध केला. गोविंद काशिनाथ चांदोरकर जुन्या संतकवींच्या रचनांची नोंद ठेवीत होते. भास्कर वामन भट हे वकील कोर्टाचे काम आटोपून मोडी कागदांत डोके घालीत. या मंडळींनी राजवाड्यांचे फटकळ बोलणे सोसले, त्यांच्या दप्तरांना कोरडी जागा दिली, आणि त्यांना काम करू दिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यातच वारले. मागे राहिले ते कागदांचे रुमाल आणि अर्धवट सोडलेली टिपणे.

दुसऱ्याच वर्षी, १९२७ मध्ये, भास्करराव भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. गेलेल्या माणसाचे नाव देऊन पुष्कळ संस्था निघतात आणि वार्षिक पुण्यतिथीपुरत्या उरतात. या मंडळाने कागद सांभाळले, वाढविले, त्यांच्या सूची केल्या. 'संशोधक' हे त्याचे त्रैमासिक. कोठल्याशा खेड्यातल्या देशमुखाच्या वतनाचा कागद, एखाद्या अज्ञात कवीचे आख्यान, अहिराणीतले शब्द, असल्या विषयांवरचे लेखन पुण्या-मुंबईच्या मासिकांना किरकोळ वाटते. 'संशोधक'ला ते वाटले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या संस्थेचा हाच मोठा फायदा. तिला जवळच्या गोष्टी जवळून दिसतात.

येथे धुळ्याच्या तुरुंगाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३२ साली सत्याग्रही कैद्यांसमोर विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर एक, अशी अठरा प्रवचने दिली. ती उतरवून घेणारा लेखनिक म्हणजे अमळनेरचे ते तत्त्वज्ञान मंदिर सोडून गेलेले शिक्षक, साने गुरुजी. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ असा जन्मला. वर्षभर का होईना, भाष्यांच्या सहवासात काढलेला काळ गुरुजींच्या उपयोगी पडला असेल, असे आम्हाला वाटते.

हे सारे लिहिताना एक गोष्ट आमच्या मनाला सलते. अमळनेरचे आवार काय किंवा धुळ्याची बैठक काय, ही वर्तुळे मुख्यतः शिकलेल्या, उच्चवर्णीय पुरुषांची होती. ज्या शेतकऱ्याच्या कापसावर गिरणी चालत होती, त्याचा मुलगा फेलो होण्याच्या कल्पनेपासूनही फार दूर होता. सातपुड्यातला भिल्ल, गावकुसाबाहेरचा महार, त्यांतून ख्रिस्ती झालेल्यांची मुले, आणि स्त्रिया तर सर्वच थरांतल्या, या वाटेवर कोठे नव्हत्या. त्याच वर्षांत जळगावात एक विधवा शेतकरीण जात्यावर बसून ओव्या रचीत होती. तिला अक्षर येत नव्हते. मुलाने त्या उतरवून ठेवल्या म्हणून तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने बाहेर आल्या. आज खानदेशचे विद्यापीठ बहिणाबाई चौधरींचेच नाव मिरवते, आणि प्रबंधाच्या मुखपृष्ठावर ते छापून तिथले तरुण डॉक्टर होतात.

अमळनेरचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. संस्थेचा जीव दोन गोष्टींत होता, एक शेठजींचा पैसा आणि दुसरी मलकानींची निष्ठा. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे विभाग वाढले. तेथे पगार होता, निवृत्तिवेतन होते, ग्रंथालय होते. हुशार तरुण आता आगगाडीने आडगावी का येईल? फेलो कमी झाले. १९६० च्या दशकात त्रैमासिक थांबले. १९७३ साली पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राच्या सहकार्याने ते 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' या नावाने पुन्हा काढले. सुरेंद्र बारलिंगे हे त्याचे एक संपादक होते. नाव टिकले, पण काम पुण्यात गेले. ज्या गोष्टीसाठी अमळनेर अमळनेर होते, म्हणजे एका आवारात राहणारी, जेवणाच्या ताटावरही वाद घालणारी पाचसात माणसे, ती काही पुन्हा जमली नाहीत. गावाने त्यानंतर दुसऱ्या कारणाने नाव कमावले. १९४५ साली तेथे निघालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो ही कंपनी वाढली.

१५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावी सुरू झाले. तोवर जळगाव-धुळ्याच्या संशोधकाला मार्गदर्शकाच्या एका सहीसाठी रात्रीच्या एस.टी.ने पुण्यास जावे लागे. तो हेलपाटा संपला. २०१८ साली विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाईंचे नाव मिळाले. आता प्रबंध पुष्कळ होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.पूर्वी कोर्सवर्क सक्तीचे केले, सहामाही प्रगती अहवाल आले, समित्या आल्या. कागदोपत्री पाहता आजचा तरुण राजवाड्यांच्या मानाने कितीतरी सनाथ आहे. प्रत्यक्षात तो बहुधा विनाअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, तासांचे पैसे उशिरा मिळतात, आणि रात्री तो आपल्या विषयाशी एकटाच बसतो. ज्याला नेटमधून जेआरएफ मिळाली, त्याचे बरे. जानेवारी २०२३ पासून ते विद्यावेतन दरमहा ३७,००० रुपये झाले आहे. ज्याला नाही मिळाली, त्याने काय करावे?

हा प्रश्न आमच्या घरांतला आहे, म्हणून तो येथे मांडतो. ख्रिस्ती, मुस्लिम, शीख, बौद्ध, जैन आणि पारशी या सहा अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी केंद्र सरकारने २००९ साली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू केली होती. आपल्या धर्मग्रामांतल्या मुलामुलींनाही ती खुली होती. २०२२-२३ पासून ती बंद करण्यात आली. इतर योजनांत या समाजांचा समावेश होतोच, असे कारण सरकारने दिले. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना फेलोशिप देतात. खुल्या प्रवर्गात मोडणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातील मुलगी त्यांपैकी कोणाच्याच कक्षेत येत नाही. तिच्या आईवडिलांना 'अजून किती वर्षे शिकणार?' असे विचारले जाते, आणि विचारणारे बहुधा आपणच असतो. फादर हेरासांच्या काळी कोणीतरी विषय सुचवीत असे, कोणीतरी पहिला लेख छापीत असे. पैशाची तरतूद सरकारवर सोपविता येईल. ही दुसरी कामे सरकारची नव्हेत, आणि त्यांना फारसा पैसाही लागत नाही.

राहिली ती राजवाड्यांच्या अर्धवट टिपणांची गोष्ट. शेवटच्या वर्षांत धुळ्यास बसून ते मराठी धातू आणि मराठी शब्द यांची मुळे शोधीत होते. अशा टिपणांचे सहसा काय होते, हे आपण जाणतो. घरातली पुढची पिढी ती रद्दीत घालते. धुळ्याच्या मंडळाने ती जपली, आणि संपादनाचे काम कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्याकडे दिले. १९३७ साली राजवाड्यांचा धातुकोश बाहेर पडला आणि १९४२ साली नामादिशब्दव्युत्पत्तिकोश. दुसऱ्याच्या हस्ताक्षरातल्या त्या हजारो नोंदींशी झटताना कुलकर्णींचा स्वतःचा हात तयार झाला. १९४६ साली त्यांचा मराठी व्युत्पत्तिकोश आला, जो भाषेचे अभ्यासक आजही उघडतात. त्यांना अनेक ठिकाणी राजवाड्यांची व्युत्पत्ती मान्य झाली नाही, आणि तसे त्यांनी लिहिले. १९५२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ते संमेलन अमळनेर येथे भरले होते.